शिंपीकाकांचा पलंग कोणी हलवला

ती. आत्यास,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, तूही खुशाल असशील अशी आशा आहे. गुडघे कसे आहेत? (बाबा म्हणतात, गुडघ्यांची चौकशी केली की तू दोन पानी उत्तर पाठवतेस. पाठव, मी वाचीन.) मांजरीला पिल्लं झाली असतील तर अभिनंदन, पण त्यातलं एकही आमच्याकडे पाठवू नकोस, आईने आधीच हात जोडले आहेत. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. गेले तीन आठवडे एका कामात गेले, काल सकाळी जीव टांगणीला लागला, तो संध्याकाळी पाच वाजता भांड्यात पडला, आणि आज मी लगेच लिहायला बसले.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाची मी चिटणीस झाले हे तुला ठाऊक आहेच. (चिटणीस म्हणजे सभेच्या खुर्च्या मांडणारी आणि सभा संपली की त्याच खुर्च्या उचलणारी.) गरजूंना मदत करायचा ठराव आमचा संघ दोन वर्षं दर महिन्याला एकमताने मंजूर करत होता. गरजूंना याची काही कल्पना नव्हती. शेवटी पाळकसाहेबांचा धीर सुटला आणि एका रविवारी त्यांनी खांबाआड बसलेल्या आम्हा सहा जणांकडे रोखून बघत प्रवचन केलं, की मोठं काही जमत नसेल तर छोटं करा, कोणाचं अंगण झाडा, आजाऱ्याला पाणी भरून द्या. पण त्याचा डांगोरा पिटू नका, या हाताचं त्या हाताला कळू देऊ नका. प्रवचनात काही चूक नव्हती. चूक आमची, की आम्ही ते ऐकलं (हेच मुळात पहिल्यांदा घडत होतं) आणि अक्षरशः पाळायचं ठरवलं. सहा जणांच्या तीन जोड्या केल्या. प्रत्येक जोडीने आपला गरजू आपण शोधायचा, तो घरी नसताना जाऊन मदत करायची, त्याला कळू द्यायचं नाही आणि उरलेल्या दोन जोड्यांनाही नाही. हे नियम मी लिहिले. अक्षर माझंच असल्यामुळे आता नाकारायचीही सोय नाही.

माझ्या जोडीला आली ती आमची रेडिओ. (तिला बटण आहे, पण ते बंद होत नाही.) आम्ही दोघींनी निवडले शिंपीकाका. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी लग्नात यांच्या हातचे कपडे घातले आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, काकू जाऊन चार वर्षं झाली, दोन खोल्यांत एकटे राहतात, बाहेरच्या खोलीत मशीन आणि आतल्या खोलीत पलंग. रोज तीन ते पाच ते वाचनालयात मोठ्या अक्षरांतले मथळे वाचत बसतात. किल्ली तिसऱ्या कुंडीखाली असते. ही गोष्ट जगात फक्त आपल्याला माहीत आहे अशी आमची समजूत होती. मंगळवारी आम्ही आत शिरलो, झाडलं, पुसलं, भांडी घासली, कात्री धूळ खात पडली होती ती खणात ठेवली, आणि भिंतीशी अंधारात असलेला पलंग ओढून खिडकीखाली नेला, उजेड यावा म्हणून. परत येताना मला इतकं धन्य वाटत होतं की रस्त्यात अनोळखी लोकांनासुद्धा मी सलाम करत होते.

आता गंमत ऐक. दुसऱ्या जोडीनेही शिंपीकाकाच निवडले होते. ती जोडी म्हणजे लंबू आणि त्याचा चुलतभाऊ. ते गुरुवारी गेले, पलंग खिडकीखाली बघून हळहळले (म्हाताऱ्या माणसाला वारा लागेल!) आणि त्यांनी तो भिंतीशी नेला. कात्री खणातून काढून खिळ्याला अडकवली. तिसरी जोडी नर्सिंग शिकणाऱ्या दोघी बहिणींची. त्यांनीही काकाच निवडले, कारण गरजू म्हटलं की आम्हा सहाही जणांच्या डोक्यात एकच माणूस येतो, इतकी आमची धाव. त्या शनिवारी गेल्या आणि त्यांनी पलंग खोलीच्या मधोमध आणला, कारण दवाखान्यात खाटेच्या दोन्ही बाजूंनी जाता येतं. मंगळवारी आम्ही बघतो तो पलंग मधोमध. मी म्हटलं, बिचाऱ्यांनी या वयात एकट्याने ओढला असेल, आणि आम्ही तो पुन्हा खिडकीखाली नेला. असं तीन आठवडे चाललं. तीन आठवड्यांत तो पलंग नऊ वेळा फिरला, चहाची बरणी चार फळ्या चढून उतरली, आणि कात्री कुठे कुठे जाऊन आली ते तिचं तिलाच माहीत.

एका मंगळवारी पलंगाच्या चारही पायांभोवती शिंप्याच्या खडूने ओढलेली वर्तुळं दिसली. आम्ही काय केलं असेल? ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली.

काल रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, की शिंपीकाकांसाठी प्रार्थना करा, त्यांचं मन हल्ली साथ देत नाही, वस्तू कुठे ठेवल्या ते त्यांना आठवत नाही. मुलगी त्यांना न्यायला आली आहे, मशीन विकायला काढलं आहे आणि संध्याकाळी ते हे गाव कायमचं सोडत आहेत. आत्या, माझ्या पायांखालची जमीनच सरकली. बाजूला पाहिलं तर रेडिओ गप्प. (जन्मात पहिल्यांदा.) पुढच्या बाकावर लंबूची मान लाल झाली होती आणि त्या दोघी बहिणींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. शेवटची प्रार्थना संपते न संपते तोच आम्ही सहाही जण मागच्या अंगणात जमलो, एकदमच बोलायला लागलो आणि तिन्ही जोड्यांचा गरजू एकच निघाला.

काकांच्या दारात टेम्पो उभा होता. पलंग वर चढवला होता, मशीन चादरीत बांधलं होतं आणि काका रिकाम्या खोलीत स्टुलावर बसले होते. मी वाटेत एक निवेदन जुळवलं होतं, त्याची सुरुवात ‘आदरणीय’ अशी होती. पण लंबूच्या तोंडून आधीच निघून गेलं, “काका, पलंग आम्ही हलवत होतो.” काकांनी विचारलं, “आणि कात्री?” तीही आम्हीच. “खडूच्या खुणा?” मी हात वर केला. काका मुलीकडे वळून म्हणाले, “बघ, मी सांगत नव्हतो?” आणि ढसाढसा रडले. रडता रडता हसायला लागले, ते उचकी लागेपर्यंत. म्हणाले, दोन आठवडे रोज सकाळी डोळे उघडले की आधी स्वतःचं नाव म्हणून बघत होतो, येतंय का ते. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी असं हलकं वाटलं की काय सांगू!

मुलगी शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिने आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं करून वीस मिनिटं झाडलं. आम्ही त्याला पात्र होतो. मग तिने सगळं सामान आमच्याकडूनच उतरवून घेतलं आणि बरोबर पाच वाजता टेम्पो रिकामा परत पाठवला. पलंग काकांनी सांगितला तिथे, भिंतीशी ठेवला. शेवटी मी भीत भीत विचारलं, काका, तुम्हाला खरोखर काय हवं आहे? ते म्हणाले, सुईचं नाक दिसत नाही म्हणून महिनाभर शिवण बंद आहे. आठवड्यातून एकदा या, पंचवीस सुयांत दोरे ओवून ठेवा. बाकी घर मी झाडतो. आणि येताना दार वाजवा. एवढं साधं काम, दहा मिनिटांचं, आणि आमच्यापैकी एकानेही तोंड उघडून विचारलं नव्हतं. आज सकाळी मी आणि रेडिओ दार वाजवून गेलो आणि पहिल्या पंचवीस ओवून आलो.

घरातल्या सर्वांचा सलाम. गुडघ्यांना जप.

तुझी भाची,
(अजून तरी) चिटणीस

ता. क. – खरं पत्र इथून पुढे आहे. बाबा म्हणाले, की तू रविवारच्या शाळेतला तुझा वर्ग सोडणार आहेस. तीस वर्षं शिकवलं, पण आता ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नाही, असलं डोकं घेऊन मुलांसमोर उभं राहायचं नाही, असं तू पाळकबाईंना कळवलंस. आत्या, वर्ग सोडू नकोस. दोन महिन्यांपूर्वी मी तुझ्याकडे चार दिवस राहिले, तेव्हा तू दुपारी झोपलीस की मी तुझं कपाट आणि स्वयंपाकघर गुपचूप लावत होते. तुला मदत म्हणून. तेव्हा ते प्रवचनही झालं नव्हतं, त्यामुळे दोष कोणावर ढकलताही येत नाही. तुझं डोकं शाबूत आहे. पाळकबाईंना आजच तसं कळव, आणि मला मनसोक्त रागाव.

ता. ता. क. – मुलांची हजेरीवही उशांच्या अभ्र्यांखाली आहे. औषधांची यादी कॅलेंडरच्या मागे. वाचायचा चष्मा वरच्या फळीवर, चांगल्या कपबश्यांच्या मागे. तो काढताना कपबश्या मोजू नकोस.