आठ वर्षं न पोचलेली पाकिटं

सोमवार, ३ फेब्रुवारी

एकवीस दारं, रक्ताचा नमुना एकही नाही! आमच्या संशोधन संस्थेचं नाव काढलं की दार बंद. गल्लीतल्या टेलरबाईंनी तेवढं बसायला स्टूल दिलं. म्हणाल्या, "आठ वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीचं रक्त नेलंत, सिस्टर. काय निघालं ते सांगायला कोणी फिरकलं नाही." पाणी पिऊन उठले. पण बाईंचे उपकारच — निदान कारण तरी कळलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

संस्थेच्या मुख्य सरांना सांगितलं. वाटलं, उडवून लावतील. त्यांनी सगळी कपाटं उघडायला लावली. तिसऱ्यात रिपोर्ट सापडले — पाकिटांत, वर नावं घालून, तसेच! सरांनी एकेक नाव वाचलं. मग म्हणाले, नवे नमुने बंद. आधी हे घरोघर पोचवायचे, मी स्वतः येतो.

असा साहेब मिळाला, नशीबच माझं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

टेलरबाईंकडचं पाकीट त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं. ते जाऊन पाच वर्षं झाली. किडनी. रिपोर्टमध्ये तेव्हाच दिसत होतं. सरांनी आडपडदा ठेवला नाही. "वेळेवर कळलं असतं तर उपचार करता आले असते. चूक आमची आहे. माफी मागायला आलोय."

बाई रडल्या नाहीत. हातातल्या शर्टाची घडी घातली आणि दार लावून घेतलं.



गुरुवार, २० फेब्रुवारी

टेलरबाई संस्थेत आल्या! एकट्याच. नवऱ्याचं रक्त कुठे ठेवलंय ते दाखवा म्हणाल्या. हातमोजा घालून ती एवढीशी नळी तळहातावर धरून उभ्या राहिल्या. सर म्हणाले, तुम्ही सांगाल तर नष्ट करू.

"राहू दे. पण यापुढे कोणाचं काही निघालं, तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी कळलं पाहिजे. मी दर सोमवारी विचारायला येणार."

सरांनी तसं लिहून दिलं, सहीनिशी.

मंगळवार, ४ मार्च

जुनी पाकिटं वाटून झाली, नवे नमुने पुन्हा सुरू. आता टेलरबाई पुढे, मी मागे. दारं उघडतात! गेल्या आठवड्यात न्हाव्याच्या नव्या रिपोर्टमध्ये किडनीचा दोष दिसला, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर त्याच्या दुकानात. अगदी सुरुवात आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील. आज मला बघून त्याने गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत सोडलं आणि माझे दोन्ही हात धरले. बाहीला फेस लागला. लागू दे.

गुरुवार, ६ मार्च

आठ वर्षांपूर्वीची नोंदवही हाती लागली. 'पाकिटं वाटपासाठी मिळाली.' खाली सही — माझी. त्याच आठवड्यात मी बाळंतपणाच्या रजेवर गेले होते. जाताना कोणाला सांगितलंच नाही. परत आल्यावर आठवलंसुद्धा नाही.

शुक्रवार, ७ मार्च

टेलरबाईंना सांगितलं. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं. मग म्हणाल्या, "सोमवारी सरांसमोरही सांगा. मी शेजारी बसेन."