यादीतला पहिला शब्द

अंबरनाथ,
१२ फेब्रुवारी १९९७

प्रिय बबन,

तुझं स्मृतिचिन्ह माझ्या टेबलावर आहे. ते पितळी धूड पुसत बसायला मला वेळ नाही. शनिवारी कार्यक्रम संपल्यावर तू ते माझ्यापुढे ठेवलंस आणि निघून गेलास. त्यानंतर मी दोनदा निरोप पाठवला. तुझं बदलापूर अंबरनाथपासून एका स्टेशनावर आहे, पण तुझा पत्ता नाही. म्हणून लिहिते. आता पूर्ण वाचायचं, अर्ध्यात टाकायचं नाही.

मुळात हे काम मी घ्यायलाच नको होतं. गेल्या वर्षी त्या केबलवाल्या तिरथदासांच्या गायन पुरस्कारात एका ऑर्केस्ट्रावाल्याने परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो थेट प्रक्षेपणातून शहाडपासून बदलापूरपर्यंत लोकांच्या जेवणाच्या ताटांवर जाऊन पडला. बायकांनी तिरथदासांच्या ऑफिसात ठिय्या दिला. यंदा ते माझ्याकडे आले. "बाई, आधे गानेवाले आपके स्टुडंट हैं. आपके सामने कौन गाली देगा?" सगळे देतात, हे त्यांना कोण सांगणार? स्टेजच्या बाजूच्या खोलीत मला बसवलं. समोर टीव्ही, हाताखाली एक बटण. ते फिरवलं की हॉलमध्ये आवाज चालू, घरोघरच्या टीव्हीवर बंद. मागाहून पुसायची सोय नाही. शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत बटण फिरायला हवं.

नियम हवा म्हणून मी आदल्या दिवशी यादी केली. छत्तीस वर्षं मुलांच्या वहीत शुद्धलेखन तपासलेल्या बाईने शिव्यांची यादी करायची! मराठी मला ठाऊक होत्या, हिंदी ऐकून ऐकून कळलेल्या, सिंधी तिरथदासांनी मान खाली घालून सांगितल्या. सेहेचाळीस झाल्या. भिंतीवर चिकटवल्या.

तीन तास नुसता वैताग. मी चेहरा बघून बटण फिरवत होते; वर्गात तसंच कळायचं, कुठल्या पोराच्या तोंडात काय आलंय ते. पण एक गायिका नुसती खोकणार होती, तिचं मी तोंड बंद केलं. ढोलकीवाल्याला माईकचा शॉक बसला, तेव्हा मी नेमकी पाण्याचा ग्लास कुठे ठेवला म्हणून कुणावर तरी ओरडत होते. त्याची शिवी संपूर्ण, स्पष्ट उच्चारांसह, तीन गावांत गेली.

मग पुरस्कारासाठी तुझं नाव पुकारलं. आनंदनगरच्या कारखान्यात पाळी करून अठरा वर्षं भीमगीतं गाणारा माझा भाऊ. तू माईक धरलास, वर बघितलंस आणि म्हणालास, "माझी आई गयाबाई. तिला लिहिता येत नव्हतं..." तुझा तो चेहरा मला ठाऊक होता. आई गेल्यापासून प्रत्येक कार्यक्रमात तू तिचं ते वाक्य सांगतोस. मी बटण फिरवलं. शब्द यायला अजून अवकाश होता. शब्द येऊन गेला तरी माझा हात तिथेच होता. तू बोललास तेवढा सगळा वेळ. हॉलमधले लोक हसले, मग टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. मला खोलीत सगळं ऐकू येत होतं. तुझ्या घरी मात्र चाळीतली माणसं टीव्हीपुढे बसून तुझं हलणारं तोंड बघत होती. तुझी धाकटी लेक म्हणे उठून टीव्हीला थापट्या मारत होती.

तू आत आलास, विचारलंस, "आक्का, कुठला शब्द?" मी यादीकडे बोट केलं. तू तो शब्द वाचलास. पहिलाच, माझ्या अक्षरात.

त्या संध्याकाळी तो शब्द दुसऱ्या कुणीही उच्चारला नाही, बबन. तो मी तुझ्यासाठीच लिहिला होता. किंवा आईसाठी.

तुला माहीत नाही, तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. कॉलेजात निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा आई आली होती, काड्यापेट्यांच्या खळीने बोटं चिकटलेली, मागच्या रांगेत. माझं नाव घेतलं आणि ती तिथून ओरडली, "शाब्बास गं रांडे!" सगळ्या मुली हसल्या. आई पण हसली, तिला वाटलं आनंदाने हसताहेत. पुढच्या वर्षीही मला बक्षीस मिळालं. मी तिला सांगितलं, यंदा पालकांना बोलावलेलं नाही. ती म्हणाली, बरं. आणि नवं लुगडं घडी करून परत पेटीत ठेवलं.

शनिवारी मी तिला दुसऱ्यांदा बाहेर ठेवलं. म्हणून लिहिते आहे. क्षमा वगैरे मला मागता येत नाही, तुला ठाऊक आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम पुन्हा दाखवणार आहेत. बटण फक्त टीव्हीवर जाणाऱ्या आवाजाचं होतं, कॅमेऱ्याच्या टेपवर सगळा आवाज आहे. काल त्यांनी मला बसवून आक्षेपार्ह जागा पुसायला लावल्या. ढोलकीवाल्यासकट अकरा पुसल्या. तुझी बारावी, ती मी पुसू दिली नाही. तिरथदास म्हणाले, "बाई, ये तो लिस्ट में पहला है." मी यादी मागवली आणि लाल पेनने तो शब्द खोडला.

तू सगळ्यांना घेऊन माझ्याकडे ये. धाकटीला पुढे बसव. तुझं हे धूडही न्यायला हवं. मला आईचं ते वाक्य माझ्या घरात, मोठ्या आवाजात ऐकायचं आहे. छत्तीस वर्षं खडूने स्वच्छ अक्षर काढलं, पण हे कधी लिहिलं नाही. आज लिहिते, काही चुकलं असेल तर आल्यावर सांग:

"गा की रांडेच्या, पोटातून गा, तुझ्या आईला लांबूनसुद्धा ऐकू आलं पाहिजे."

तुझीच,
गयाबाईची थोरली