आत कुणाशेजारी बसू

सॅनपीट खोरं, युटा
बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६

लाडक्या जनीलला आईचे खूप खूप पापे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. परीक्षा चालू असताना एवढं लांबलचक लिहिलंस, वाचून बरं वाटलं. इकडे सगळे ठीक आहोत. टर्की पक्ष्यांचा शेवटचा ट्रक काल गेला. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी शेड रिकाम्या होतात आणि दर वर्षी तुझे बाबा दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखे फिरतात. आज सकाळीही उठून पाण्याची भांडी बघायला गेले. पाणी प्यायला कोण आहे तिथे? नाश्ता गार झाल्यावर आले.

लग्नाचा झगा पुरा झाला. बाह्या मनगटापर्यंत, गळा बंद. आपल्या चर्चच्या मंदिरातल्या कुणी नाक मुरडावं अशी जागाच ठेवलेली नाही. पाठीवरची बटणं मात्र माझ्या हौसेची आहेत. कापडानं मढवलेली, बारीक, मानेपासून थेट कमरेखाली. ती नुसत्या बोटांनी लागत नाहीत. क्रोशाची सुई काजातून घालायची, बटणाला अडकवायची आणि हळूच ओढायची. सुई झग्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. कसं करायचं ते वेल्डामावशीला दाखवून ठेवलंय. तिची बोटं संधिवातानं आखडलीत, तेव्हा तिला जरा लवकरच कामाला लाव.

आता तू म्हणशील, मावशी कशाला, तू आहेस की. त्याकडे येतेच.

तुझ्या होणाऱ्या सासूचा, केंटच्या आईचा, फोन आला होता. बाई गोड आहे गं, पण बोलायला लागली की थांबत नाही. संध्याकाळचं स्वागत आपल्या चर्चच्या हॉलमध्ये होणार म्हटल्यावर तिनं जरा दम घेतला आणि विचारलं, तिथे बास्केटबॉलची कडी दिसतात का हो? म्हटलं, दिसतात. या गावातली प्रत्येक नवरी त्या कड्यांखालीच उभी राहिली आहे, मी पण. पांढरी जाळीची चौकट लावू, वर कागदी फुलं सोडू, कुणाचं लक्ष जाणार नाही. तिला पटलं असावं. मग म्हणाली, मंदिरात आपण दोघी आया समोरासमोर बसू, तुम्ही रुमाल जास्तीचे आणा. मी हो म्हणून टाकलं आणि फोन ठेवून नुसती उभी राहिले.

बाकी काय, पीचचे डबे भरून ठेवलेत, तुझ्या नव्या घरासाठी एक खोकं वेगळं काढलंय. थोडं पडते आता. पाठ भरून आली आहे.

गुरुवार

काल येते म्हणाले आणि पीचवर जाऊन बसले. आज सरळ लिहिते. जनील, मी लग्नाला आत नसेन.

मंदिरात जायचा माझा दाखला गेल्या महिन्यात संपला आणि तो मी नवा करून घेतलेला नाही; त्याशिवाय दाराच्या आत कुणाला सोडत नाहीत. तब्येतीला काही झालेलं नाही, बाबांचं आणि माझं भांडण नाही, आणि आपल्यात मना असलेल्या कॉफीचं भांडंही मी चोरून चढवलेलं नाही. माझा विश्वास उरलेला नाही, एवढंच. किती दिवस हे वाक्य तोंडात घोळवतेय. लिहिल्यावर किती छोटं दिसतं.

कसं झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर तू स्वतःच्या डोक्यानं काहीतरी भलतंच रचशील. मला चर्चच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख केलं ते वर्ष आठव. तू तेव्हा नुकतीच कॉलेजला गेली होतीस. आपल्या बिशपांनी, ग्लेड यांनी, मला बोलावलं आणि म्हणाले, तुला दोन मदतनीस हव्यात, नावं तू निवडायची नाहीस, देवाला विचारायची. आता हे काही नवीन नाही, आपल्याकडे सगळे असंच करतात. मन लावून विचारायचं, नाव बरोबर असलं की छातीत ऊब येते. मी उपास धरला, पाणीसुद्धा घेतलं नाही. बाबांची गाडी घेऊन वर खिंडीत गेले, आपण उन्हाळ्यात जिथे जेवण घेऊन जायचो त्या झाडांत. गुडघे टेकले आणि एकेका बाईचं नाव घेऊन विचारलं. अख्खी यादी संपवली. काही आलं नाही. परत पहिल्यापासून विचारलं. वारा होता, थंडी होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि बाकी काही म्हणजे काही नव्हतं.

रविवारी बिशप दारातच उभे, नावं कुठे? मग मी थेल्मा आणि आयोना यांची नावं दिली. का, सांगू? दोघींकडे लांब, मागून उघडणाऱ्या मोटारी होत्या. कुणाच्या घरी मयत झाली की चीज घातलेल्या बटाट्यांचे एवढाले ट्रे न्यायचे, माझ्या गाडीत एक मावत नाही. देवानं सांगितलं नाही, मग म्हटलं निदान बटाटे तरी पोचतील.

ग्लेड यांनी डोळे मिटले. जरा वेळानं उघडले तेव्हा पाणी होतं त्यात. म्हणाले, "नेड्रा, मला जाणवलं. या दोघी देवानंच निवडल्यात."

पुढच्या रविवारी सगळ्या मंडळींनी हात वर करून संमती दिली. आयोना रडत उभी राहिली आणि म्हणाली, मला आधीच स्वप्न पडलं होतं. मी पुढच्या बाकावर बसले होते. माझ्या ओठांवर हसू होतं, ओढून आणलेलं. मला त्या हसण्यासारख्या वाटल्या नाहीत हं, कोणीच नाही. थेल्मा आणि आयोनासारख्या मदतनीस शोधून सापडायच्या नाहीत. पण त्या कुठून आल्या ते मला ठाऊक होतं.

मग मी आधीचं सगळं उकरत बसले. तुझ्या बाबांशी लग्न करू का विचारलं तेव्हाची ऊब. तुझा जन्म झाला तेव्हाची. आणि मग एकदा शाळेचा बँड मैदानात शिरला, ढोल वाजले, ध्वज वर गेला, आणि मला नेमकी तीच ऊब आली. तशीच, छातीच्या मधोमध. बँडसाठी! पिल्लांची पहिली खेप पेटीतून उचलतानाही येते. तेव्हा आपण त्याला देव म्हणत नाही.

तरी मी सोडलं नाही गं. उलट बारीकसारीक सोडून मुळातलं विचारायला लागले. हे सगळं खरं आहे का, एवढंच सांग. तो अख्खा हिवाळा मी पलंगाशी गुडघे टेकले. लहानपणापासून शिकवलंय, खऱ्या मनानं विचारणाऱ्याला उत्तर मिळतंच. मिळालं नाही की दोष कुणाचा? मन खरं नसणार. मग मी मन धुऊन काढायला लागले. कुणाबद्दल वाईट बोललेलं आठवून माफी मागितली, वेल्डामावशीशी आईच्या रजईवरून धरलेला अबोला सोडला. तिला अजून कळलेलं नाही मी एवढी गोड का झाले ते. आणि तरीही तिकडून शब्द नाही. 'नाही' असंसुद्धा कुणी म्हणालं नाही. 'नाही' ऐकायला मिळालं असतं तर मी नाचले असते, कोणीतरी आहे म्हणून.

एका सकाळी उठले आणि गुडघे टेकायचं विसरले. दुपारी भांडी घासताना आठवलं. रडू येईल वाटलं, ते पण आलं नाही. फक्त फार थकले होते. तो थकवा अजून गेलेला नाही.

मंडळाचं काम तरी सोडलं नाही. मयतीला बटाटे लागतातच. महिन्याच्या उपासाच्या रविवारी सगळे उठून आपल्या विश्वासाची साक्ष देतात, तेव्हा मी पोरांना पाणी पाजायला बाहेर घेऊन जायची. असंच चाललं असतं. तुझं लग्न ठरलं आणि दाखला नवा करायची वेळ आली.

दाखल्याचे प्रश्न बिशपच विचारतात. ग्लेड तेव्हा दुकान बंद करून आले होते, बोटांना रंग लागलेला, वर टाय. पहिलाच प्रश्न: देवावर विश्वास आहे का, हे चर्च त्याचं आहे याची मनाला साक्ष आहे का. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की 'हो' आपोआप बाहेर पडतं. या खेपेला पडलं नाही. 

मग मी त्यांना ते मोटारींचं सांगितलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. रागावले नाहीत. म्हणाले, "मला मात्र खरंच जाणवलं होतं गं."

मला ते खरं वाटलं. त्याचंच वाईट वाटलं. लबाड असते तर सोपं होतं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, या गावातल्या निम्म्या घरांना तू मयतीचं जेवण वाढलंयस, पोरीच्या लग्नाला बाहेर उभी राहू नकोस, नुसतं हो म्हण, मी पुढचं विचारत नाही. इतक्या मायेनं म्हणाले की माझ्या ओठावर आलं होतं. एक शब्द, जनील. तुझ्यासाठी मी याहून मोठं खोटं बोलले असते. पण मंदिरात लग्न लावतात त्या खोलीत दोन्ही भिंतींना आरसे आहेत, समोरासमोर. तू गुडघे टेकून केंटचा हात धरशील, मान वर करशील आणि आरशात आरसा, त्यात आरसा, तुम्ही दोघं आणि मागे मी, लांबवर, संपतच नाही. तू त्या दिवशी जे बोलशील ते मनापासून बोलशील. तुझ्या मागे एवढ्या आरशांत खोटी बाई बसवायची, हे मला जमेना. मी उठून आले.

बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते बूट काढत होते. एक बूट हातातच राहिला. मला वाटलं, ओरडतील. म्हणाले, "मग आत मी कुणाशेजारी बसू?"

मग तोच बूट परत पायात घालत म्हणाले, "मंदिरातली गाठ मेल्यावरसुद्धा सुटत नाही, तिथेही तूच असशील असं धरून चाललो होतो मी." आणि शेडकडे गेले. त्यांचं रडणं मी आजवर पाहिलेलं नाही, त्या दिवशीही पाहायला गेले नाही. तेव्हापासून वागणं पहिल्यासारखंच आहे. फक्त आता रोज झोपताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि तसाच ठेवून झोपतात. त्यांच्यापुढे मला सगळ्यात अपराधी वाटतं. तू आत त्यांना वेल्डामावशीशेजारी बसव. मोकळी खुर्ची शेजारी ठेवू नकोस.

तुला मी ओळखते. आता तू लिहिशील की आपण आधी चर्चच्या हॉलमध्ये साधं लग्न लावू, म्हणजे तुला बघता येईल. नको. मग मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागतं, आणि आपल्या गावात त्याचा एकच अर्थ काढतात आणि बोटांवर महिने मोजायला बसतात. केंटच्या आईला काय सांगशील? तुला जसं हवंय तसंच होऊ दे. मी रागानं सांगत नाही, विनवतेय.

आणि एक. तू लिहिलंस, केंटबद्दल विचारलं आणि तुला उत्तर मिळालं, छाती भरून आली. मी एवढं सगळं लिहिल्यावर तुझ्या मनात पाल चुकचुकेल, म्हणून दोन दिवस हे पत्र लांबवत होते. तुझ्या त्या उत्तरावर मी काही बोलणार नाही, ते तुझं आहे. मी पाहिलंय तेवढं सांगते. ऑगस्टात वीज कडाडली आणि पक्षी घाबरून कोपऱ्यात एकावर एक चढले, आठवतं? खालचे गुदमरायला लागले. केंट चांगल्या शर्टात जेवायला आला होता. तो बाबांच्या मागोमाग चिखलात गुडघ्यावर बसला आणि पावसात एकेक पक्षी उचलून बाजूला ठेवत राहिला. मेलेलेसुद्धा त्यानं भिरकावले नाहीत, हळू ठेवले. आत आला तेव्हा अंगाला वास मारत होता आणि सगळ्यात आधी त्यानं मला विचारलं, बाबा जेवले का. हे कुणी मला सांगितलेलं नाही, मी खिडकीत उभी होते. तुझ्या उत्तराला कधी काही झालं, होऊ नये, पण झालंच, तर हे धर. हे तसंच राहील.

माझ्यावर रागाव हवं तर. आठवडाभर फोन करू नकोस, मी समजेन. पण लग्नाच्या दिवशी रागावून येऊ नकोस, फोटोत दिसतं.

मी तुम्हा सगळ्यांबरोबर मंदिराच्या टेकडीवर येणारच आहे. दारापर्यंत तुझ्या झग्याची पिशवी मी उचलून धरीन, आणि मग ती मावशीच्या हातात देईन. मग गाडीत बसेन. डिसेंबरात तिथे वारा कसला असतो तुला माहीत आहे, आणि तो झगा दिसायला भरगच्च, पण आत अस्तर पातळ आहे. तुझा निळा कोट मी हीटरपुढे धरून ठेवणार आहे. तुमचं आटोपत आलं की पायऱ्यांच्या डाव्या बाजूला उभी राहीन, तिथे बर्फ कमी साचतो. दार उघडलं की आधी केंटकडे बघ, सगळ्यांचे फोटो होऊ देत. मग डावीकडे बघ.

दर पत्राच्या शेवटी मी देव तुला सांभाळो असं लिहिते. आज लिहायला हात गेला आणि थांबला. तो सांभाळत असेल तर मला आनंदच आहे. माझ्याकडून कोट गरम असेल, एवढं नक्की.

तुझीच, आत असो वा बाहेर,
आई