आमच्या उंच गाडीचा बुटका हुक

एर्लांगेनजवळ,
दसरा होऊन गेल्यावर, २००४

तीर्थरूप आत्मारामदादा,

सरलाचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तरी वाकले असं समजावं). वसुधावहिनींचा गुडघा कसा आहे? तिकडे टेक्ससात ऊन भरपूर, त्यांनी रोज शेकावा. इथे शेकायचं तर इस्त्री गरम करावी लागते. तुमचे धाकटे बंधू बरे आहेत, पोट सुटलं आहे. लेक शिवांगी बरी आहे. मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते, पण देते.

आता कामाचं. तुम्ही ज्येष्ठ आहात म्हणून चार शब्द गिळून लिहिते. तुमचा तो पिकअपला टेकून काढलेला फोटो आला आणि इथे ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन सोल्जरची तसलीच जुनी गाडी ह्यांनी घेतली. उंच इतकी, की मी स्टूल घेऊन चढते. मी विचारलं, हत्ती घेतलात तर बांधायचा कुठे? तर म्हणाले, तुझ्या आनहेंगरसाठीच घेतली गं. (आनहेंगर म्हणजे मागे जोडायची चाकांची गाडी. माझ्या आनहेंगरात शेगडी, कढई, ओटा, सगळं आहे, त्यात मी वडे तळते.) माझ्यासाठी म्हणे! मी काय स्टूल मागितलं होतं?

ह्या वर्षी आमच्या गावच्या शरदाच्या बाजारात मला पहिल्यांदा जागा मिळाली. शनिवारी सकाळी आठच्या आत आनहेंगर जागेवर उभा पाहिजे, नाहीतर ती जागा सॉसेजवाल्याला, आणि परत कधी विचारणार नाहीत. दादा, ह्या देशात मी इतकी वर्षं ह्यांच्या आडनावामागची बाई म्हणून काढली. दारावर ह्यांचं नाव, बँकेत ह्यांचं नाव. त्या आनहेंगरवर मात्र लाल रंगात 'सरला' असं लिहिलं आहे. तेव्हा तो तिथे पोचणं किती गरजेचं होतं ते कळलं असेल.

तर गाडी उंच आणि आनहेंगर ठेंगणा. जोडला की त्याचं नाक वर आणि शेपूट रस्त्याला. पहिल्याच फेरीत तेलाचा डबा मागच्या दारावर जाऊन आपटला, आणि आनहेंगर असा डुलायला लागला की मागचे लोक दिवे मारून मारून थकले. मी म्हटलं थांबवा. हे म्हणाले, थोडं ऑसिलेशन असतं. (इंजिनियर माणूस, बुडायला लागला तरी पाण्याचं नाव सांगेल.)

इलाज काय, तर उतरता हुक, ज्याला तुम्ही लोक ड्रॉप हिच म्हणता. गाडीच्या मागच्या चौकोनी नळीत खुपसायचा, आडवी खीळ घालायची. तो खाली वाकलेला असतो, त्यामुळे टोकाचा गोळा आनहेंगरच्या तोंडाशी येतो. किती वाकलेला घ्यायचा, एवढाच प्रश्न. त्यावर ह्यांनी कंप्युटरवर तीन रंगांत तक्ता केला, आणि तुम्ही फोनवर सांगितलंत की सहा इंची डोळे मिटून घे. वर पार्सलनं पाठवलातही. दादा, रागावू नका, पण डोळे उघडे ठेवून बघायला हवं होतं. एक तर नाक वरच राहिलं, आणि तुमचा गोळा अमेरिकन, आमच्या आनहेंगरचं तोंड जर्मन. गोळा केसभर जाड, तोंड मिटेना. सध्या मी त्याच्याखाली पनीर दाबते. पनीर चांगलं होतं, त्याबद्दल आभार.

मग मी स्वतः माप घेतलं. ह्यांनी रिकामी गाडी मोजली होती. अहो, रिकामी गाडी बाजारात नेऊन मी काय वारा विकणार? मी आनहेंगर पुरता भरला, पिठाच्या गोणी, तेल, गॅस, सगळं. ह्यांना आणि शिवांगीला गाडीत बसवलं. गाडी चार बोटं खाली बसली! आनहेंगरातल्या ओट्यावर ताटात पाणी ठेवून तो सपाट आहे की नाही ते पाहिलं. मग शेजारी उभी राहिले. त्याचं तोंड जिथे आलं तिथे साडीला एक सेफ्टीपिन, गुडघ्याजवळ. गाडीची नळी जिथे आली तिथे दुसरी पिन, वर मांडीवर. मधे माझी एक वीत. झालं माप. तशीच शिवांगीला घेऊन दुकानात गेले.

दुकानदारानं विचारलं, किती सेंटिमीटर? मी पाय पुढे केला, म्हटलं ह्या पिनेपासून त्या पिनेपर्यंत. तो कानापर्यंत लाल झाला, टेप शिवांगीच्या हातात द्यायला गेला, तर ती टायरांच्या मागे पसार. मग मीच टेप धरली आणि त्यानं लांबून आकडा वाचला. आनहेंगरच्या नाकावर वजन किती, असंही विचारलं. ते बघायलाच पाहिजे, नाहीतर हुक वाकतो. मी म्हटलं, दोन्ही हातांनी उचलते तेव्हा तेलाचे तीन भरलेले डबे उचलल्यासारखं वाटतं. त्यानं डोक्यात हिशेब केला, 'गेनाऊ' (म्हणजे अगदी बरोबर) म्हणाला आणि हुक काढून दिला. घरी लावला. ताटातलं पाणी हललं नाही! हे म्हणाले, माझ्या तक्त्यातही साधारण हेच येत होतं. मी काही बोलले नाही. (बोलले, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मधे दसरा आला. घरात नवीन हत्यार आलं की पूजा होणारच. हळदकुंकू तर वाहिलंच, पण उघड्यावरचं लोखंड, गंजेल, म्हणून तेलात शेंदूर कालवून तो हुक मारुतीसारखा माखला. शुक्रवारी ट्यूफच्या (म्हणजे इथल्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या) तपासणीला गेलो. त्यांच्या शिक्क्याशिवाय हुक लावून रस्त्यावर यायचं नाही. तपासनीस म्हणाला, ह्यावर नंबराची पट्टी असते, ती कुठे आहे? मी म्हटलं, एवढंच ना, थांब. पिशवीत तारेची घासणी होती (माझ्या पिशवीत असते). पातेलं घासावं तसा घासला. लखलखीत झाला. पट्टीही लखलखीत झाली, तिच्यावर एक अक्षर राहिलं नाही.

त्या भल्या माणसानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि नरमाईनं सांगितलं, लोखंड चांगलं आहे, पण हे कोण आहे ते कळत नाही. शिक्का नाही. नवी पट्टी कारखान्यातून यायला आठवडा. हे तक्ता घेऊन त्याला समजवायला लागले, मी ह्यांना ओढून बाहेर आणलं.

संध्याकाळी शेजारच्या फ्राऊ लिंडनरची बेल वाजवली. सत्तरीची बाई, आजवर आमचं बोलणं फक्त कचऱ्याच्या डब्यांवरून, तेही भांडण. तिच्याकडे जुनी बुटकी गाडी आहे. मी म्हटलं, उद्या सकाळी माझा आनहेंगर ओढशील का? ती म्हणाली, ओढीन, पण डबे परत माझ्या बाजूला ठेवायचे नाहीत. सकाळी तिनं जोडला आणि तो असा सपाट बसला, जणू तिच्या गाडीबरोबरच जन्मला होता. ना उतार, ना तक्ता, ना वीत. साडेसातला आम्ही जागेवर. तुमचे बंधू आपल्या हत्तीशेजारी हाताची घडी घालून उभे होते. दुपारी दोनला शेवटचा वडा सॉसेजवाल्यानंच खाल्ला, वर चटणी मागून घेतली. पुढच्या वर्षीची जागा माझ्या नावावर झाली आहे. माझ्या!

वहिनींना प्रेमाचं सांगणं, गुडघ्यावर बसून देवपूजा करू नका, देव उभ्यानंही घेतो.

तुमची भावजय,
सरला

ता. क. खरं काम हे आहे. ह्यांना फोन करून सांगा की तुम्ही तुमचा पिकअप विकून छोटी गाडी घेतलीत. मग हेही विकतील. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. खोटं बोलावं लागेल, पण ते भावाच्या भल्यासाठी.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायचं राहिलं ते बरं झालं. काल नवी पट्टी आली, शिक्का मिळाला. ह्यांना ऑफिसातून सुटी नव्हती म्हणून आनहेंगर जोडून गाडी मीच काढली. लायसन माझ्याकडे आहेच, फक्त कुणी विचारत नव्हतं. दादा, तिथे वर बसलं की सगळ्यांच्या गाड्यांची छपरं दिसतात! मोठे ट्रकवाले हात करतात, आणि मागे आपलं नाव लाल अक्षरांत येत असतं. तेव्हा फोन जरूर करा, पण विकायचं काढू नका. अमेरिकेत घरातली मोठी गाडी बाईच चालवते, एवढं सांगा. आणि सांगताना वहिनींना फोनजवळ उभं करू नका, त्या हसतील.