ट्रेभर एकच कुकी

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. मुंगीच्या आईस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. दुकानात लग्नसराईच्या कपड्यांची गर्दी आहे, गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो, मशीनला परवाच तेल दिलं. फोन का नाही केला म्हणशील. पण तोंडात टाचण्या धरून माझा जन्म गेला, फोनवर बोलायला सुचत नाही. कागदावर निदान खोडता येतं.

आधी एक खुलासा. काल संध्याकाळी तू मुंगीला न्यायला आलीस तेव्हा जिन्यातच तुला जळका वास आला होता, आणि मी इस्त्री कापडावर राहिली असं सांगितलं. साफ थाप होती. तुझ्या लेकीने मात्र शपथ घेतल्यासारखी मान डोलावली. आम्ही कुकीज करत होतो.

हसू नकोस. तुम्हा दोघांचं मोडलं तरी मुंगीचा शनिवार तू मोडला नाहीस, दर आठवड्याला तिला माझ्याकडे सोडत आलीस. इतके दिवस तिला माझ्याकडचा बटणांचा डबा पुरायचा. हल्ली मात्र डबा उघडला की सुरू होतं, काकांकडे आम्ही कुकीज करतो, काकांच्या कुकीज कुरकुरीत होतात, काकांना सगळं येतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. ज्या माणसाचं तोंडही मी पाहिलेलं नाही त्याच्याशी या वयात स्पर्धा लावून बसलो आणि सरळ जाऊन एक छोटा ओव्हन घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, कोण वापरणार? म्हटलं, भेट द्यायचाय.

कृती मुंगीला तोंडपाठ होती. लोणी मऊ हवं म्हणाली, आणि आमचं लोणी फ्रिजमधून निघालं ते दगड. मी वाटी गरम इस्त्रीला टेकवून ठेवली. मऊ कसलं, पार पातळ झालं. तेच साखरेत फेटलं, मैदा घातला, चॉकलेटचे तुकडे घातले (जेवढे मुंगीच्या पोटात गेले नव्हते तेवढे), गोळे वळले.

मग माझी अक्कल चालली. कापड बेतताना दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा वाया गेली तरी माझा जीव तुटतो, हे तू पाहिलंच आहेस. त्याच हाताने मी ट्रे बेतला. गोळ्याला गोळा चिकटवून बसवला, कोपऱ्यात जागा उरली तिथे अर्धा गोळा कोंबला. एक चिंधी फुकट जाणार नाही असं काम झालं होतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता. थोड्या वेळाने काचेतून बघतो तर सगळे गोळे वितळून एक झालेले, ट्रेच्या या काठापासून त्या काठापर्यंत. कडा करपून काळ्या आणि मध्ये नुसता चिखल.

"आजोबा, ही तर चादर झाली," मुंगी म्हणाली आणि पोट धरून हसली. मीही हसलो, पण मनातून खट्टू झालो होतो. ते तिला कळलं असावं. मी नको म्हणेपर्यंत तिने माझ्या फोनवरून काकांना फोन लावला होता.

मला वाटलं, हा आता हसणार. पण तो हसला नाही. लोणी कसं मऊ केलं ते विचारलं, इस्त्रीचं ऐकून घेतलं, मग म्हणाला की दुसरा घाणा करू या, मी फोनवर थांबतो. आणि थांबला की. गोळे लांब लांब ठेवायला लावले. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, कच्च्या वाटतील, तरी परत आत ढकलू नका, गार होताना घट्ट होतात, हेही त्यानेच सांगितलं. एरवी मी ढकलल्याच असत्या. या वेळी जमल्या. अगदी गोल नाही, पण प्रत्येक कुकी वेगळी उचलता येत होती.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मुंगी शुक्रवारीच पिशवी भरून ठेवते. तुमच्याकडे असतं तरी काय, ते मला एकदा बघायचंय." ओव्हन तापलाय म्हणून मी फोन बंद केला. ओव्हन कधीच बंद झाला होता.

आता मुद्द्याचं. तुझं या काकांशी लग्न ठरलंय हे मला ठाऊक आहे. बटणं निवडता निवडता मुंगी बोलून गेली. मागचे काही शनिवार तू दारात घुटमळतेस, "बाबा, जरा बोलायचं होतं," म्हणतेस, आणि मी लगेच मशीनवर पाय ठेवतो. तुला वाटलं असेल म्हातारा रागावला. राग नाही गं, भीती वाटते. माझा मुलगा परगावी असतो, आठवण आली की फोन करतो, आणि ती त्याला फारशी येत नाही. तूही आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाशील. मुंगीला तिकडे नवे आजी-आजोबा मिळतील. त्या घरात जुन्या सासऱ्याला कुठे बसवणार? पोरीला पाठव असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? हक्क काही उरलेला नाही, म्हणून विनवणी करतो. शनिवार बंद करू नकोस.

आणि येत्या शनिवारी त्यालाही घेऊन ये. दारातून परत जायचं नाही, आत येऊन बसायचं. मशीनवर झाकण घालून ठेवीन.

फक्त त्याला हाक काय मारायची, हे सकाळपासून सुचत नव्हतं. मुंगीचे काका म्हणावं, तर मग माझा तो कोण? मला एकच मुलगा. त्यामुळे एक नातं माझ्या वाट्याला कधी आलंच नाही, आणि आता येईल असंही वाटलं नव्हतं. तुझी हरकत नसेल तर मी त्याला जावईबापू म्हणेन.

तुझा
बाबा