मेहरांगेझची आई आली

शनिवार, ५ मार्च २०१६
मेहरांगेझची आई येतेय! गुरुवारी. आज ट्राममध्ये पोरीने सांगितलं, तेव्हा चेहरा असा, की आई नाही, पोलिस येतायत. तिच्या काकांनी तिकडे ताजिकिस्तानात, खुजंदमध्ये मुलगा बघून ठेवलाय – दातांचा डॉक्टर. "पीएचडी राहू दे, वसंतात लग्न." आई समजवायला येतेय. म्हणजे न्यायला.
मी म्हटलं, "मी प्रार्थना करते."
म्हणाली, "करा, आपा. आणि घरही आवरायला या. आई आधी स्वयंपाकघर बघते."
आपा म्हणजे ताई. एकोणचाळिसाव्या वर्षी इथे परक्या जर्मनीत मिळालेली धाकटी बहीण ही!

मंगळवार, ८ मार्च
चर्चच्या मंडळीतल्या हेल्गाने परत विचारलं – "आल्झो, तर मग प्रभा, तुझी ताजिक मैत्रीण बाप्तिस्म्याच्या जवळ आली का?" मी म्हटलं, ती सध्या लग्नाच्या जवळ आलीय. हेल्गाने लगेच केक पाठवला. काय समजली कोण जाणे!

शुक्रवार, ११ मार्च
मेहरांगेझच्या आई, झुल्फियाआपा, आल्या. माझ्याहून जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या. सोन्याचे दात, फुलाफुलांचा झगा, बॅगभर सुकामेवा. एक काढून हातावर ठेवला – "झर्दोलू."
मी ओरडलेच – "जर्दाळू!"
मग काय, दोघी सुटलो. बदाम. दरवाजा. पडदा. कागद. आमच्या नगरच्या बाजारात या बाईला भाषेची अडचण पडणार नाही!
मग त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. अंगठी नाही. नवरा? नाही. मुलं? नाही. कधीच नाही?
हसू मावळलं. लेकीला काहीतरी म्हणाल्या. त्यात एक शब्द मला कळला – ओब्रू. आपली अब्रूच ती.

रविवार, १३ मार्च
मेहरांगेझचा मेसेज: "आई म्हणते, तुमच्याकडे जायचं नाही. देव वेगळा आहे ते चालेल, पण ती बाई बिनलग्नाची आहे."
आधी खूप हसले. मग नाही हसले. आज उपासनेत लक्षच लागलं नाही.

बुधवार, १६ मार्च
तापाने अंग भरून आलेलं. दुपारी बेल. दारात मायलेकी! पातेलंभर शुर्बो घेऊन – आपल्या शोरब्याचाच भाऊ. आजाऱ्याकडे न जाणं पाप, असं आपांचं मत. माझं स्वयंपाकघर आधी घासलं, मग मला वाढलं.
मग समोर बसल्या आणि सरळ विचारलं. मेहरांगेझ जर्मनमध्ये सांगत होती.
"तू माझ्या पोरीला तुझ्या धर्मात ओढणार?"
नाही म्हणणं सोपं होतं. पण खोटं कसं बोलू? म्हटलं, "तिला प्रभू भेटावा, अशी मी रोज प्रार्थना करते. तिला माहीत आहे. ओढणार नाही."
मेहरांगेझ मध्येच हसली. "आई, मी तिला कितीदा तरी नाही म्हटलंय!"
"तरी ही येते?"
"येते. ढोकळा घेऊन येते."
आपांनी माझ्या वाटीत आणखी एक पळी शुर्बो वाढला. मग म्हणाल्या, "म्हणजे हिला 'नाही' ऐकून घेता येतं." आणि लेकीकडे बघून – "आमच्या घरात पोरीचं नाही अजून कोणी ऐकून घेतलेलं नाही. मी पण नाही."
मेहरांगेझने हे भाषांतर फार हळू केलं.

सोमवार, २१ मार्च
नवरोज! सकाळपासून मेहरांगेझकडे सुमनक. मोड आलेल्या गव्हाचं – अगदी आपल्या कुरडयांच्या चिकाची बहीण, फक्त गोड आणि तपकिरी. ढवळा, ढवळा, ढवळा. दंड गेले कामातून!
ऐन उकळीत काकांचा व्हिडिओ कॉल. "मुलीला द्या, मुलाकडचे बसलेत इथे."
मुलगी समोर, कोपरापर्यंत चिकात. आपांनी फोन माझ्या हातात कोंबला, कॅमेरा स्वतःकडे वळवला, आणि शांतपणे ताजिकमध्ये (अर्थ मला मेहरांगेझने नंतर सांगितला) – "मेहरांगेझ? ती नाही घरी. प्रयोगशाळेत गेलीय. जर्मनीत नवरोजला सुट्टी नसते. हो, शिक्षण पूर्ण झाल्यावर बघू. तिची इच्छा असली तर."
तिकडे आरडाओरडा. मेहरांगेझ तोंडावर पदर – पदर कसला, टॉवेल – दाबून हसतेय की रडतेय कळेना. आपांनी फोन बंद केला आणि म्हणाल्या, "ढवळ. खाली लागतंय."
प्रभूने खोटं माफ करावं. मी तर फक्त फोन धरला होता!

शनिवार, २६ मार्च
आपा गेल्या. एकट्या! विमानतळावर मला मिठी मारली. काकांसमोर त्यांचं काय होणार? मेहरांगेझ परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर झोपली. उद्या ईस्टर. ती म्हणाली, "तुमच्या गाण्यांना येईन. गाणीच हं!" म्हटलं, गेनाऊ, अगदी, गाणीच.

शनिवार, ९ एप्रिल
आपांचा फोन. मेहरांगेझला नाही – मला! खुजंदमधल्या जर्मन शिकणाऱ्या भाचीला शेजारी बसवून. म्हणाल्या, "प्रभा, काकांनी तोच मुलगा आता माझ्या धाकट्या मुलीसाठी, निगिनासाठी धरलाय. एकोणीस वर्षांची आहे. तिथे जर्मनीत मुलं सांभाळायला तिला कुठल्या घरी ठेवतील का, बघ. काकांना मी तिचं विमान उडाल्यावर सांगेन."