दोन्ही पदरांतून गेलेली पिन

मी, आयल्सा जेनेट गेडिस, वय एकतीस, धंदा पोलादी जोडकामांची तपासणी, राहणार स्टोनहेवन, मूळ गाव ग्लेनटोरा, पर्थशर, असे लिहून ठेवते की हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही, आणि कायद्याला त्याची गरजही नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. मजकूर मी स्वतः रचला आहे. वकिलांनी त्यातली काही वाक्ये अनावश्यक म्हणून खोडली होती, ती मी परत घातली आहेत.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी आत्या युफेमिया गेडिस हिने करावी. गाव तिला एफी म्हणून ओळखते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला कशाला अडकवतेस गं यात? मी तुझ्याहून चाळीस वर्षांनी म्हातारी. क्रम तरी पाळ." मी म्हटले, क्रम आधीच बिघडला आहे. त्यावर तिने चहाचे पाणी चढवले आणि पाठमोरी उभी राहूनच होकार दिला. तो होकार मी धरून चालते.

२. स्टोनहेवन येथील माझी सदनिका विकावी. कर्ज फिटून जे उरेल त्याचे दोन सारखे भाग करावेत. एक माझे वडील ड्यूगल गेडिस यांना, एक माझा धाकटा भाऊ स्ट्रूअन याला. खिडकीतून समुद्र दिसतो हे जाहिरातीत लिहू नये. तो फक्त स्वयंपाकघरातून, ओट्यावर वाकल्यावर दिसतो.

३. माझी तपासणीची उपकरणे मी जिथे शिकले त्या प्रशिक्षणशाळेला द्यावीत. त्यांच्या पेटीत फोमच्या खाचा आहेत, प्रत्येक वस्तू आपापल्या खाचेतच ठेवावी. पोलादाच्या आत, डोळ्यांना न दिसणारा तडा शोधणे हे माझे काम होते. ध्वनीच्या लहरी आत सोडायच्या आणि परत येणारा आवाज वाचायचा. तडा कुठे आहे आणि किती खोल आहे हे त्यातून कळते. तो कोणी पाडला हे कळत नाही. सहाव्या कलमाच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

४. माझी आई नेटा गेडिस ही ग्लेनटोऱ्यात किल्ट, म्हणजे पुरुषांचे निऱ्यांचे लोकरी घागरे, शिवत असे. तिची जड इस्त्री, खडू, कच्च्या टाक्यांचे पांढरे दोऱ्याचे रीळ आणि अंगुस्तान तिने मला दिले होते. ते सर्व आजही आमच्या घरी तिच्या शिवणाच्या खोलीत आहे आणि खोलीला बाबांनी कुलूप लावले आहे. हे सामान मी बाबांना देते. म्हणजे जे त्यांच्या ताब्यात आहेच ते आता त्यांच्या मालकीचे होईल. बदल्यात त्यांनी खोलीची खिडकी उघडावी. लोकरीला हवा लागते, नाहीतर कसर लागते, हे त्यांना मी सांगायला नको.

५. फर्ग्यस टॉश यांस गडद हिरव्या लोकरीचे मोज्यांचे दोन जोड द्यावेत. माझ्या खात्यातून विकत घ्यावेत, चांगले घ्यावेत.

टॉश दर ऑगस्टमध्ये गावात भरणाऱ्या खेळांच्या मैदानाबाहेर पर्यटकांना भाड्याने किल्ट देतात. कापड लोकरीचे नसते, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पाहुण्यांनी एका दिवसासाठी लोकर का घ्यावी? तक्रार ही की ते नेसवतात कसेही आणि हसतात. निऱ्या पुढे, सपाट पाट मागे. काठ कुणाचा पोटरीवर, कुणाचा मांडीवर. कमरेची चामडी पिशवी पुढे मध्यावर असायला हवी, ती शाळेच्या दप्तरासारखी बाजूला. पायांत पांढरे मोजे, ज्यांना आई वाढप्याचे मोजे म्हणायची. अशी माणसे मैदानाच्या फाटकाशी आली की बाबा त्यांना थांबवत. उद्घाटनाच्या संचलनात उतरणाऱ्या प्रत्येकाचा पोशाख पाहणे हे बाबांचे काम आहे.

"साहेब, मागचं पुढं झालंय," ते हळू आवाजात सांगत. "गाढवावर उलटं बसवल्यासारखे दिसताय. या जरा इकडे." मग त्याला तंबूमागे नेत आणि नीट नेसवून देत. "गुडघे टेका. काठ जमिनीला लागला ना? बास, हीच उंची. आणि बसताना मागून हात फिरवून बसा, निऱ्या मोडतील. त्यात लाज नाही, चुरगळण्यात आहे." तंबूमागे गेलेला माणूस बाहेर येताना ताठ चालत येई. परक्याची चूक बाबांनी चारचौघांत कधी दाखवली नाही. हेही लक्षात ठेवावे.

आईच्या अंत्यविधीला टॉश पांढरे मोजे घालून आले होते. म्हणून हिरवे.

६. स्ट्रूअनचा किल्ट. आईने शिवलेला, आठ वार लोकर, गेडिसांच्या घरात चालत आलेल्या हिरव्या-निळ्या चौकड्याचा. तो सध्या माझ्याकडे आहे आणि मी तो स्ट्रूअनला परत देते. अटी पुढे आहेत. अटींच्या आधी कारण लिहिणे भाग आहे.

किल्टचे पुढचे दोन पदर एकावर एक येतात आणि वरच्या पदराच्या खालच्या कोपऱ्यात पिन लावतात. ही पिन फक्त वरच्या पदरात असते. वाऱ्याने तो उडू नये म्हणून ते वजन आहे, बांधणी नव्हे. दोन्ही पदरांतून आरपार गेली तर प्रत्येक पावलागणिक कापड ओढले जाते आणि फाटते. ग्लेनटोऱ्यात हे शाळेत जाण्याआधी कळते. आई शिकवायची की आतल्या बाजूने बोट धरायचे आणि टोक बोटाला लागले की वळवायचे.

तिच्या शेवटच्या ऑगस्टमध्ये, खेळांच्या दिवशी सकाळी, तिने स्ट्रूअनला पिन लावली. घोड्याच्या झुलीला लावतात तशी साधी पिन होती. तलवारीच्या आकाराच्या पिना तिला आवडत नसत. औषधांनी तेव्हा तिच्या बोटांची जाणीव गेली होती. टोक बोटाला लागले, रक्ताचा थेंब आला, तिला कळले नाही. पिन दोन्ही पदरांतून गेली. मी खोलीतच होते.

"झालं," आई म्हणाली. "आता पळ. आणि वाकू नकोस हं, गावाला दर्शन होईल."

"गावाला सवय आहे," स्ट्रूअन म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला सांगितले, आरपार गेली आहे.

"माहितेय. गप्प बस."

त्या दिवशी तो मैदानाला वळसा घालताना आखूड पावले टाकत चालला. आई घोंगडी पांघरून खुर्चीत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. बाबा त्या वर्षी तिच्याजवळ बसले होते, फाटकावर दुसरे कोणी होते. हिवाळ्याआधी ती गेली.

स्ट्रूअनने ती पिन काढली नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये पट्टे सैल करून त्याने किल्ट परकरासारखा पायांतून वर ओढला, पिन होती तशीच ठेवून. फाटकावर बाबा होते. बॅगपाइप सुरू झाले होते, रांग पुढे सरकत होती, आणि शेजारी टॉश उभे होते.

"काय रे ड्यूगल," टॉश सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "किल्टवालीच्याच घरात पिन आरपार? मग माझ्या गिऱ्हाइकांना कशाला नावं ठेवतोस?"

लोक हसले. बाबांनी रांगेतच हात घालून पिन ओढून काढली. तंबूमागे नेले नाही.

"सरळ उभा राहा," ते म्हणाले.

"ती काढायची नव्हती," स्ट्रूअन म्हणाला.

"अजून फाटायचं बाकी ठेवायचं होतं का?"

स्ट्रूअन रांगेतून बाहेर पडला, घरी गेला, किल्ट घडी करून पलंगावर ठेवला आणि विजार घालून बसथांब्याकडे गेला. तो आता शेटलंड बेटांवर सॅमन माशांच्या शेतीवर बोट चालवतो. तेव्हापासून तो आणि बाबा एकमेकांशी बोललेले नाहीत. माझ्या आजारातही दोघे एका खोलीत आले नाहीत. कोण कधी येणार हे एफी आत्या जुळवते. एकदा चुकले, तेव्हा बाबा रुग्णालयाच्या वाहनतळावर गाडीतच बसून राहिले, स्ट्रूअन निघेपर्यंत.

फाटकावरच्या त्या प्रकारानंतर दोघेही वेगवेगळे माझ्याशी बोलले. ते मी जसेच्या तसे देते.

स्ट्रूअन, फोनवर: "ती आईने लावलेली होती गं. तिच्या हातची शेवटची. बाबांनी बघितलंसुद्धा नाही कोणाची आहे ती. नियम दिसला त्यांना फक्त."

मी म्हटले, सांग त्यांना.

"मुळीच नाही. आणि तूही नाही सांगायचंस. शपथ आहे तुला."

बाबा, स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना: "मला काय दिसलं नाही? तीस वर्षं तिच्यासाठी पिना हातात धरून उभा राहिलोय. तिचाच हात होता तो. टॉश हसला तो पोराला नाही, तिला हसला. तिची चूक गावापुढे मैदानभर फिरवू द्यायची होती मी?"

मी म्हटले, स्ट्रूअनला सांगा.

"काय सांगू? तुझ्या आईचा हात चुकला म्हणून? त्याला ते कळलेलं नाही, कळायलाही नको. माझ्यावर रागावलाय ना, रागावू दे. तू बोलायचं नाही यात."

मी दोघांनाही शब्द दिला आणि पाळला. कोणीही मुदत विचारली नव्हती, म्हणून मीच मनाशी ठरवली. माझ्या मृत्यूबरोबर ती संपते.

तेव्हा अटी अशा.

(अ) हे कलम एफी आत्याने बाबा आणि स्ट्रूअन यांना एकाच खोलीत, एकाच वेळी, मोठ्याने वाचून दाखवावे. वाचताना तिने स्वतःचे काही घालू नये.

(आ) माझ्यानंतर जे खेळ पहिले येतील त्या दिवशी स्ट्रूअनने हा किल्ट नेसून फाटकाशी यावे. बाबांनी फाटकावर असावे. रजा घेऊ नये, गुडघा दुखतो म्हणू नये.

(इ) पिन माझी नाही, म्हणून मी ती कोणालाही देऊ शकत नाही. ती बाबांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात असते. खेळांच्या दिवशी ते तिथे हात लावून पाहतात. त्यांनी ती सोबत आणावी अशी विनंती आहे, आणि स्वतःच्या हाताने लावावी. स्ट्रूअनने सरळ उभे राहावे. एका पदरातून की दोन्हींतून, हे त्या वेळी त्या दोघांनी ठरवावे. नियम एकच आहे. तो आईने शिकवला आणि आईनेच एकदा मोडला. आतल्या पदरातली दोन भोके रफू करू नयेत, आणि शेजारचा तपकिरी ठिपका धुऊ नये.

(ई) दोघांपैकी एकही आला नाही, तर किल्ट फर्ग्यस टॉश यांस भाड्याने देण्यासाठी द्यावा.

एफी आत्याने हे वाचून चष्मा काढला. "टॉशला? अगं, वेड लागलंय का तुला? कुणातरी झिंगलेल्याला तो उलटा नेसवेल. नेटाचं शिवण! त्या दोघांना बघवेल का ते?"

"नाही बघवणार," मी म्हटले.

"हा छळ आहे, आयल्सा."

"हो."

तिने चष्मा परत घातला आणि म्हणाली, "अगदी आईवर गेलीस. तीसुद्धा माप घेताना श्वास घेऊ द्यायची नाही."

वकिलांचे म्हणणे, या अटी न्यायालयात टिकतीलच असे नाही. त्या न्यायालयासाठी लिहिलेल्या नाहीत.

७. माझा अंत्यविधी ग्लेनटोऱ्यात व्हावा. मला आईजवळ पुरावे. बॅगपाइप वाजवायचे असल्यास दूर, टेकडीवरून वाजवावेत, जवळून ते कोणालाच सहन होत नाहीत. सूप गरम असावे, कारण चर्च गार असते. लोकांनी जे घालायचे ते घालावे, जसे जमेल तसे नेसावे, पांढरे मोजेसुद्धा चालतील. त्या दिवशी बाबांनी कोणाचाही पोशाख तपासू नये. त्यांनी स्ट्रूअनच्या शेजारी उभे राहावे. बोललेच पाहिजे असे नाही, ते ऑगस्टमध्ये चालेल.

येणेप्रमाणे सहा पाने मी वाचली, समजले, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी सही केली. कुठलीही सही माझ्या बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. आईला दिले तेच औषध मला दिले गेले आहे आणि बोटांना आता पेन जाणवत नाही. कागद कुठे संपतो हे मी डोळ्यांनी पाहून ठरवते. चौथ्या पानावर पेन कागदातून आरपार गेले आहे. ते पान बदलून नवे करू असे नर्स म्हणाल्या. मी नको म्हटले. ते तसेच ठेवावे.

स्थळ: ग्लेनटोरा, पर्थशर
दिनांक: १६ मे २०२४

(सही) आयल्सा जे. गेडिस

आमच्या समक्ष सही झाली. सही वाकडी आहे, परंतु ती तिचीच आहे. हात आम्ही धरला नव्हता.

साक्षीदार:
१. ग्रिझेल बेन, परिचारिका, ग्लेनटोरा
२. ऑरन किड, सहकारी, स्टोनहेवन